हिरव्या अक्षरांचं तळं

रंगभूमीवर मी किती वेळा मेले, किती वेळा सती गेले आणि किती वेळा धरणीच्या पोटात गडप झाले याची गणती नाही. फळ्यांखाली कोण बसलंय आणि दोरी कुणाच्या हातात आहे हे एकदा ठाऊक झालं, की माणसाला कशाचं नवल वाटेनासं होतं. मला तर वाटायचंच नाही. आणि तरीही पंचाक्षरीनं त्या दुपारी मला जे दाखवलं, ते पाहून मी खुर्चीतून ताडकन उठले आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागं सरकले.

काचेवर बैलगाडी चालली होती. हिरवी गाडी. काळ्याभोर काचेच्या एका कडेनं ती आली, चाकं फिरवत मधून गेली आणि दुसऱ्या कडेला नाहीशी झाली.

"पंचाक्षरी! आत कोण आहे रे?"

"कुणी न्हाय, अक्का. बसा तुम्ही."

"मग गाडी कोण हाकतंय?"

तो हसला. त्याचं हसणं आवाज न करणारं होतं, फक्त खांदे हलायचे.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. उमरग्याच्या त्या बाजूला पाऊस सलग तिसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. कनात उभारायला गावं उरली नव्हती, म्हणून आमची नाटक कंपनी मोडली होती, आणि मी एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत एका खोलीत राहत होते. कारखान्यात काही समारंभ असला की स्वागतगीत माझं. ऊस नव्हता, धुराडं थंड होतं, पण कागदपत्रांसाठी संगणक मात्र आधीच मागवलेला होता आणि तो येऊन पोचला. त्याच्या उद्घाटनाला कुठं उभं राहून गायचं, ते पाहायला मी आदल्या दिवशी गेले होते.

पंचाक्षरी बेळेवाडीचा, जंगमाघरचा. तिशीच्या आतला, सडपातळ. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि अंगात नेहमी इस्त्रीचा शर्ट. तो कारखान्यात टंकलेखक होता. टाइप करताना बोटांकडे बघायचा नाही, एवढ्या गुणावर अध्यक्षांनी त्याला पुण्याला संगणक शिकायला धाडलं होतं. त्याचे वडील महांतय्या स्वामी बेळेवाडीच्या सिद्धेश्वराचे पुजारी. संक्रांतीच्या यात्रेत पावसाची भाकणूक करायचा मान त्यांच्या घराचा. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू संध्याकाळी देवळापुढं आणायचं, त्याच्यापुढं ज्वारी, कडबा, पाणी मांडायचं. ते कशाला तोंड लावतं ते बघून गावातली सर्वांत वडीलधारी बाई स्वामींना विचारणार, "पाणी चढंल का?" आणि स्वामी देतील ते उत्तर वर्षभर गाव उराशी धरणार. चांगलं उत्तर मिळालं, तर सगळी जनावरं शिवेच्या आत आणून बांधायची. पाऊस आपली जनावरं शोधत येतो, अशी तिथली समजूत.

पंचाक्षरीनं मला पुन्हा खुर्चीत बसवलं.

"अक्का, गाडी हालत न्हाय."

"मी या डोळ्यांनी पाहिली."

"डोळ्यांचंच काम हाय ते. बघा, ही काच म्हंजे चौकटीची वही. चोवीस ओळी, एकेका ओळीत ऐंशी घरं. एका घरात एकच अक्षर मावतं. आता गाडी कशाची केलीय? दोन शून्य म्हंजे चाकं. आडव्या रेघा म्हंजे साटा. ही तिरपी रेघ म्हंजे जू. समदी टाइपाचीच अक्षरं."

"अक्षरं आहेत, दिसतंय मला. पण ती चालतात कशी?"

"चालत न्हाईत. म्या ती पुसतो, अन् एक घर पुढं तशीच परत लिवतो. परत पुसतो, परत लिवतो. मधी यंत्राला उगं रिकामे आकडे मोजत बसवतो, न्हायतर गाडी दिसायच्या आतच पार व्हईल."

मी तोंडाला पदर लावला. आमच्या कंपनीत एका नाटकात मारुती उजव्या विंगेतून उडी मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या विंगेतून बाहेर पडायचा. लोक टाळ्यांनी कनात डोक्यावर घ्यायचे. मारुती दोन होते, एकसारखे रंगवलेले. पण इथं तर घराघराला नवा मारुती! पाऊल टाकलं की जुना मेला, नवा जन्मला. आणि बघणाऱ्याला वाटतं की एकच आहे, चालतो आहे. उभा जन्म मी चालते आहे असं मला वाटत आलं होतं.

"पण नेमक्या घरात जाऊन लिहायचं, हे त्याला सांगतोस कसं?"

त्यानं काचेवर लुकलुकणारा एक बारीक ठोकळा दाखवला. त्याला कर्सर म्हणतात. पुढचं अक्षर कुठं उमटणार ते तो ठोकळा दाखवतो. एरवी तो मुकाट डावीकडून उजवीकडं सरकतो. पण एक खूण अशी आहे की ती काचेवर दिसत नाही. ती आली की यंत्र सावध होतं: आता येईल ते लिहायचं नाही, पाळायचं. तिच्यामागून ओळीचा आकडा, घराचा आकडा आणि शेवटी एक अक्षर पाठवलं, की ठोकळा उडी मारून त्या घरात उभा. दुसरी आज्ञा दिली की ओळ पुसली जाते. तिसरीनं सगळी काच कोरी. चौथीनं ठोकळा स्वतःच दडून बसतो, म्हणजे बघणाऱ्याला लिहिणारा हात दिसत नाही.

"अन् ती खूण द्यायची राहिली तर?"

त्यानं मुद्दाम ती गाळून दाखवली. गाडी आलीच नाही. काचेवर कंस, आकडे, अक्षर, परत कंस, परत आकडे, असा नुसता कचरा उमटला.

"आज्ञाच वाचून दावली त्यानं," पंचाक्षरी म्हणाला.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं एक नवा नट आला होता. संहितेत कंसात लिहिलेलं असतं ना, तेही त्यानं पहिल्या प्रयोगात भर रंगात म्हणून टाकलं होतं: "डोळे पुसून, दाराकडे वळून, हाय रे दैवा!" पंचाक्षरीला ते सांगितलं, तर त्याचे खांदे कितीतरी वेळ हलत राहिले.

तेवढ्यात अध्यक्ष डोकावले. त्यांनी गाडी पाहिली, खूष झाले, म्हणाले, "स्वामी, उद्या सभासदांना आकडे दाखवू नका, हेच दाखवा. पण दुष्काळात गाडी काय बघायची? काहीतरी थंड दाखवा."

काहीतरी थंड! पंचाक्षरीनं त्या दिवशी बेळेवाडीचं तळं काढलं. बहात्तरच्या दुष्काळात गावानं रोजगार हमीवर खोदलेला पाझर तलाव. बांध, बांधावरचं लिंबाचं झाड, पायऱ्या. आणि तळापासून एकेक ओळ वर चढत येणारं पाणी. सगळी काच पुसायची नाही, नाहीतर चित्र फडफडतं. बांध जागच्या जागी ठेवायचा आणि फक्त पाण्याची नवी ओळ लिहायची. ते सुंदर होतं. मी त्याला तसं म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राला हार घातला. जंगम घरातच असल्यावर पूजेला बाहेरचा कशाला आणायचा, म्हणून पूजाही पंचाक्षरीनंच सांगितली आणि नारळही त्यानंच फोडला. मी गीत म्हटलं. मग सभासदांची रांग लागली. लोकांनी आपणहोऊन चपला दाराबाहेर काढल्या. त्या खोलीत यंत्रासाठी गारवा सोडणारी पेटी बसवलेली होती. रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा.

रांगेत सर्वांत पुढं मल्लम्मा. बेळेवाडीची सर्वांत म्हातारी बाई, गाव तिला मल्लव्वा किंवा नुसतं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं; उंच, वाकलेली, हातात काठी. तिची बैलजोडी कारखान्याच्या गाडीतळावर उघडलेल्या छावणीत बांधलेली होती. बेळेवाडीची सगळीच जनावरं तिथं होती. गावात ना काडी होती ना थेंब. छावणीत निदान टँकरचं पाणी होतं आणि बाहेरून आणलेला चारा होता.

ती काचेपुढं उभी राहिली. गार वारा तोंडावर आला आणि तिनं डोळे मिटून परत उघडले.

"स्वामी, हे आपलं तळं न्हाय का?"

"व्हय अव्वा. आपलंच," पंचाक्षरी आनंदानं म्हणाला. त्याचं सगळं लक्ष काचेवर, कुठं फडफड होते का ते बघण्यात.

"पाणी चढंल का?"

"चढंल की! बघा."

आणि पाणी चढलं. ओळीमागून ओळ, बांधापर्यंत, लिंबाच्या बुंध्यापर्यंत. मल्लम्मानं काठी खाली टाकली आणि हात जोडले. मागच्या लोकांमधून एक आवाज निघाला. मी आयुष्यभर प्रेक्षकांचे आवाज ऐकत आले, पण तो टाळीचा नव्हता, हुंदक्याचाही नव्हता. पंचाक्षरीला मात्र काही कळलं नाही. तो पुढच्या माणसासाठी तळं परत कोरडं करून तयार ठेवत होता.

दुपारी मी घरी भाकरी थापत होते आणि घुंगरांचा आवाज आला. एका बैलाचा नव्हे, शेकडो जनावरांचा. दारात येऊन बघते तर गाडीतळावर धुरळा उठलेला. माणसं दावी सोडत होती. हाडं वर आलेली जनावरं ओळीनं फाटकाकडं निघाली होती, आणि फाटकाबाहेर दुसऱ्या गावांची जनावरं जागा मिळायची वाट बघत उभीच होती. एकदा बाहेर पडलं, की परत आत यायचं नाही.

पंचाक्षरी अनवाणी पळत आला. "काय झालं? चारा संपला का?"

वीरभद्र म्हणून एक दांडगा शेतकरी होता, त्याच्या गावचा. तो म्हणाला, "चारा कशाला संपतोय? भाकणूक झाली न्हवं? जनावरं शिवंत नेतोय."

"कुणी केली भाकणूक?"

"ऐका! स्वामीच इचारत्यात, कुणी केली म्हणून!"

मी पंचाक्षरीचा चेहरा पाहिला. कपाळावरची विभूती, हार घातलेलं यंत्र, स्वतः फोडलेला नारळ, सर्वांत वडीलधारी बाई, तिचा प्रश्न आणि आपलं उत्तर. एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येत गेली आणि तो मल्लम्माकडं धावला.

"मल्लव्वा! थांबा! ते चित्र हाय. म्या काढलेलं चित्र!"

मल्लम्माच्या हातात जोडीचा कासरा होता. तिनं त्याच्याकडं मायेनं पाहिलं, जसं आजारी माणसाकडं बघतात.

"स्वामी, चित्र कंदी हालतंय का?"

तिच्या घरात देवाची चित्रं होती, कॅलेंडरं होती. ती कधी हलली नव्हती. जे हलतं ते जिवंत, एवढंच ती जाणत होती, आणि कालपर्यंत मीही काय निराळं जाणत होते?

"अव्वा, तळ्यात जाऊन बघा की. भेगा पडल्यात."

"आज भेगा हायत्या. भाकणूक उद्याची अस्ती."

वीरभद्रानं तोंड वाकडं केलं. "छावणी ओस पडली तर सायबांची शोभा जाती, म्हणून धाडलं व्हय तुमास्नी? बापानं कंदी असा सबूद फिरवला न्हवता."

तो टोमणा वर्मी लागला. मला राहवलं नाही. मी मल्लम्माच्या आणि तिच्या बैलांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"मल्लव्वा, मी नाटकवाली. माझं ऐकू नका. पण जायच्या आधी एकदा पडद्यामागं बघून या. बैल मी धरते. तुम्ही परत येईस्तोवर एक पाऊल पुढं जाऊ देणार नाही."

"म्हातारपणी बैल राखणार का, केशरबाई?"

"राणी झाले, बैल राखायला काय झालं?"

तिला हसू आलं. कासरा तिनं माझ्या हातात दिला, वीरभद्राला म्हणाली, "तू बी चल, साक्षीला," आणि कमरेवर हात ठेवून पंचाक्षरीच्या मागं गेली. बाकीचे जनावरं धरून फाटकाशी थांबले. तिच्याशिवाय पुढं कोण जाणार?

पुढचं मला त्या दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं. पंचाक्षरीनं प्रोग्रॅममधला रिकामे आकडे मोजायचा भाग काढून टाकला. त्या जागी घातलं, की बोट टेकल्याशिवाय पुढचं काही लिहायचं नाही. दडवलेला ठोकळाही त्यानं उघडा केला. मग स्वतः उठला आणि मल्लम्माला त्या खुर्चीत बसवलं.

"म्या न्हाय शिवणार. हात शेणाचं हायत."

"असू द्या, अव्वा. हे बटण. दाबा."

तिनं दाबलं. ठोकळा लुकलुकत तळाच्या ओळीत गेला आणि त्याच्यामागं पाण्याची एक ओळ उमटली. तिनं हात झटकन मागं ओढला, जणू चटका बसला.

"कुणी केलं हे?"

"तुमीच. परत दाबा."

एक ओळ. परत एक ओळ. आता तिला ठोकळा जाताना दिसत होता, लिहिताना दिसत होता. बोट थांबलं की पाणी थांबत होतं. तिनं मुद्दाम थांबून बघितलं. वीरभद्राला म्हणाली, "तू दाब." त्यानं एका बोटानं दाबलं, पाणी चढलं, आणि तो दांडगा गडी दारापर्यंत मागं सरला.

मग पंचाक्षरी म्हणाला, "आता हे दुसरं बटण." तिनं ते दाबलं आणि वरची ओळ पुसली गेली. आणखी दाबलं, आणखी एक ओळ गेली. तळं उतरायला लागलं. मल्लम्मा किंचाळली. "सांडलं! आरं, सांडलं की समदं! धरा!" आणि घाबऱ्याघाबऱ्या तिनं पहिलं बटण दाबून दाबून तळं परत काठोकाठ भरलं. गार खोलीत तिच्या गळ्यावर घाम आला होता.

"म्या भरलं," ती म्हणाली. "देवाला न इचारता म्या भरलं."

"व्हय, अव्वा."

"सकाळी तुमी भरलं हुतं."

"व्हय."

"मग सकाळी का बोलला न्हाय?"

तुम्ही विचाराल असं वाटलंच नव्हतं, पंचाक्षरी म्हणाला. एवढंच खरं होतं.

ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी गलका थांबला. मी कासरा धरून उन्हात उभी होते, हात सोलवटले होते. तिनं आवाज चढवला नाही.

"पाणी न्हाय. म्या बोटानं भरलं, अन् म्याच आटवलं. ह्या वीरभद्रानं बी भरलं, इचारा. जनावरं माघारी बांधा."

कुणीतरी म्हणालं, "आन् स्वामींचा सबूद?"

"त्यो सबूद न्हवता. ते खेळ करत हुते. आपूनच चपला काढल्या."

लोक लगेच हलले नाहीत. मला वाटलं, आता ओरडतील, दगड उचलतील. त्यांच्या तोंडातून भरलेलं तळं काढून घेतलं होतं. पण वीरभद्र पुढं झाला, मान खाली घालून आपली गाय वळवली, आणि घुंगरं परत गाडीतळाकडं वाजत गेली. मल्लम्माची जोडी जुन्या खुंट्याला बांधली गेली तेव्हा मी पाहिलं, ती बैलाच्या मानेवर डोकं टेकवून उभी होती. रडत होती की नुसती टेकली होती, ते कळलं नाही.

पंचाक्षरीनं त्याच संध्याकाळी तळं यंत्रातून पुसून टाकलं. गाडीही पुसली. रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची चौकशी करायला गेले, तर मल्लम्मा आधीच दारात. चपला पायात तशाच.

"दावा, स्वामी."

"काय दावू?"

"तळं."

"अव्वा, ते खोटं हाय."

"म्हायती हाय. म्याच आटवलंय ते. दावा."

"पुसलं म्या."

"मग परत लिवा. माझी जोडी पाणी पिताना लिवा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. खोटं आहे हे ठाऊक असून, दोरी कुणाच्या हातात आहे हे पाहून, ही बाई परत बघायला आली होती! आमच्या कनातीत तिकीट काढून येणारे लोकही असेच यायचे. मी रोज त्यांच्यापुढं मरत होते, आणि ते सगळं जाणूनच येतात, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पंचाक्षरी खुर्चीत बसला आणि बोटांकडं न बघता लिहायला लागला. बांध आला, पाणी आलं. टाइपाच्या अक्षरांत बैल काही मावेना.

"शिंगं काढा नुसती," मल्लम्मा म्हणाली. "म्या वळकीन."

त्यानं शिंगांच्या दोन जोड्या काढल्या आणि त्या एकेक घर पुढं सरकत पाण्याकडं निघाल्या, बरोबरीनं.

"तसं न्हाय. डावा जरा मागं ऱ्हातो. खुरात दुखतंय त्येच्या."

पंचाक्षरीनं डाव्या बैलाला आणखी थोडे रिकामे आकडे मोजायला लावले. आता उजवा आधी पाण्याशी पोचला आणि थांबला. डावा मागून आला.

"व्हय," ती म्हणाली. "आता माझी हायत."